अनुभव धागा: विद्यार्थ्यांनीच चालवलेले अभ्यासगट

पीएच.डी.त मला जे काही नीट समजलं, त्यातलं बरंचसं दर बुधवारच्या एका वाचनगटात समजलं. आम्ही तिघं होतो. एका जाड पुस्तकाचं एकेक प्रकरण घ्यायचं आणि ज्याला ते सगळ्यात कमी कळलंय त्यानेच फळ्यापाशी उभं राहायचं, हा नियम. सिद्धता अडली की पुढे जायचं नाही. चार पानांवर तीन बुधवार गेलेले आठवतात. मग दोघांचे थीसिस सादर झाले, मी एकटी उरले आणि गट बंद पडला. त्याची हळहळ अजून आहे, म्हणून विचारतेय. तुमच्याकडे विद्यार्थ्यांनी स्वतः उभे केलेले गट कसे सुरू झाले, त्यांनी काय केलं, आणि सुरू करणारे बाहेर पडल्यावर त्यांचं काय झालं? बरं-वाईट सगळं लिहा.

* * *

आमचा लेखनगट आहे, पण कोणी कोणाचं लिखाण वाचत नाही. एकत्र बसून आपापलं लिहायचं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, असे चार फेरे. (ही पद्धत फ्रांचेस्को चिरिल्लो यांनी स्वतः विद्यार्थी असताना, १९८०च्या दशकात, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून सुरू केली.) सुरुवातीला प्रत्येकाने आज काय लिहिणार ते सांगायचं. 'प्रकरण तीन' असं मोघम चालत नाही, 'मुलाखतींच्या पद्धतीवरचे दोन परिच्छेद' चालतं. शेवटी किती झालं ते सांगायचं. काहीच झालं नसेल तर 'शून्य' म्हणायचं आणि त्यावर कोणी बोलायचं नाही.

वडील गेल्यानंतर दोन महिने मी रोज 'शून्य' सांगत होते. तरी जात होते. 'थीसिस कधी संपणार' असं न विचारणारी माझ्यासाठी तेव्हा तेवढीच जागा होती.

* * *

मानसशास्त्र. २०१५ साली १०० प्रयोग पुन्हा करून पाहणारा मोठा अभ्यास आला. मूळ शोधनिबंधांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत असे) होते, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्के तसे निघाले. तो पेपर आम्ही वाचला आणि नंतर कितीतरी वेळ खोलीत कोणी बोललं नाही. पुढे ऑक्सफर्डमधल्या तरुण संशोधकांनी २०१८मध्ये सुरू केलेल्या 'रिप्रोड्युसिबिलिटी' या वाचनगटांबद्दल कळलं (प्रयोग पुन्हा केल्यावर तोच निष्कर्ष मिळणं म्हणजे रिप्रोड्युसिबिलिटी; त्यातल्या शेवटच्या 'टी'वरून, म्हणजे चहावरून, केलेला शब्दखेळ आहे तो) आणि आम्हीही महिन्यातून एकदा भेटू लागलो.

वाचनावर थांबलो असतो तर ते तेवढ्यावरच राहिलं असतं. एकदा ठरवलं की प्रत्येकाने आपला कोड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवून दाखवायचा. पहिल्या दिवशी एकाचाही चालला नाही. कुठे फाइलचा पत्ता स्वतःच्याच मशिनचा, कुठे पॅकेजची आवृत्ती बदललेली, आणि माझ्या बाबतीत एक पायरी मी हाताने एक्सेलमध्ये केली होती आणि साफ विसरलो होतो. तेव्हापासून पेपर पाठवण्याआधी गटातल्या कोणाकडून तरी कोड चालवून घेतो. गाइडनी कधी सांगितलं नव्हतं. आता त्याही इतरांना तेच सांगतात.

* * *

आमचा वाचनगट नव्हता, कार्यगट होता. मसुदा दिल्यावर गाइडकडून तो किती दिवसांत परत यावा, भेट आठवड्यातून की महिन्यातून, पेपरवर नावांचा क्रम कधी ठरवायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या एका पेपरवर नाव कोणाचं आधी, हा प्रश्न पेपर स्वीकारला गेल्यानंतर निघाला. फार मनस्ताप झाला. मग वेगवेगळ्या विभागांतल्या सहा जणांनी बसून एक पानी प्रश्नावली केली: पहिल्या महिन्यात गाइड आणि विद्यार्थ्याने समोरासमोर बसून भरायची. उत्तरं काय असावीत ते आम्ही मुद्दाम लिहिलं नाही, फक्त प्रश्न लिहिले. त्यामुळेच ती प्राध्यापकांना पटली, असं माझं मत.

विभागप्रमुखांच्या बैठकीत ती मंजूर व्हायला दोन वर्षं लागली. तोवर आमच्यातले चौघं पदवी घेऊन गेले होते.

* * *

दोन वर्षं मी समन्वयक होते. खोली मिळवणं, आठवण करून देणं, वक्त्यांना पत्रं लिहिणं, भांडणं मिटवणं, हे सगळं करण्यात माझा एक पेपर मागे पडला. या कामाची नोंद कुठेच होत नाही. आणि आमच्याकडे ते बहुतेकदा मुलींवरच येऊन पडायचं. गट हवेतच, पण समन्वयकाची मुदत एक सत्र ठेवा. दुसरं कोणी पुढे आलं नाही, तर ते सत्र गट बंद राहू दे.

* * *

एवढे सदस्य, तेवढे सदस्य याला काही अर्थ नाही. आमच्या डेटा सायन्स गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर शंभरावर माणसं होती आणि भेटीला चार. त्या चौघांनी मोठा गट सोडून दिला आणि आजही भेटतात.

* * *

गट बंद पडण्याचं एवढं वाईट वाटून घ्यावं का? १९०२ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये आइनस्टाइन आणि त्यांचे मित्र सोलोव्हीन आणि हाबिश्ट असे तिघंच मिळून माख, ह्यूम, प्वांकारे अशा विचारवंतांची पुस्तकं वाचत होते. थट्टेने त्यांनी त्याला 'ऑलिंपिया अकादमी' नाव दिलं होतं. दोघांनी बर्न सोडलं आणि भेटी संपल्या, जेमतेम तीन वर्षांत. १९५३ साली, म्हातारपणी, आइनस्टाइन यांनी त्या अकादमीला उद्देशून पत्र लिहिलं. बुधवारच्या तुमच्या त्या दोघांना एकदा फोन करा.

* * *

लेखनगटवाली पुन्हा. आमचं हस्तांतर कसं होतं ते लिहायचं राहिलं. जाणारी व्यक्ती शेवटचा महिना गट चालवत नाही, नुसती येऊन बसते. खोलीचं बुकिंग, यादी, पासवर्ड सगळं त्याआधी नव्या माणसाच्या नावावर झालेलं असतं. नव्याने वेळ बदलली, नियम बदलला, तरी जुन्याने गप्प राहायचं. माझा तो महिना आता सुरू आहे. काल नव्या मुलाने विश्रांती ५ची १० मिनिटं केली. मी काही बोलले नाही.