झिजलेलं गवत काय सांगतं

कॉलेजच्या आवाराची पाहणी करताना इमारतींचे दर्शनी भाग टिपले की आवार कळतं, असं काही जण मानतात. माझं म्हणणं, नजर जमिनीकडेही हवी. हिरवळीतून तिरकी गेलेली, गवत झिजलेली पायवाट दिसली की समजावं, आखलेला रस्ता लोकांना लांब पडतो. तिथे कुंपण घालणं मला अन्यायाचं वाटतं. तीच वाट पक्की करावी.

बसण्याचंही तसंच. शहरांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या जागांचं चित्रीकरण केलं, तेव्हा दिसलं की १ ते ३ फूट उंचीच्या कठड्यांवरही लोक सहज बसतात. नुसती बाकं मोजली तर कट्टे, पायऱ्या, पार सुटतातच! आणि एका फेरीवर थांबू नका. सकाळी गजबजलेला कट्टा दुपारच्या उन्हात ओस पडतो. सावली कुठे सरकते ते तासातासाने नकाशावर मांडा.