विषय: ९ एपी आणि माझं चुकलेलं गणित

सोनूचे बाबा, नेपरव्हिल:

नमस्कार मंडळी. लेकीच्या कॉलेजबद्दल सल्ला हवाय. बारावी संपेपर्यंत तिच्या ९ एपी होतील, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचे विषय शिकून द्यायच्या परीक्षा. प्रत्येक परीक्षेला शंभरेक डॉलर फी, वर दोन वर्षं रात्री बारापर्यंत जागरण. मी एक्सेलमध्ये मांडून ठेवलं होतं: ९ विषय, डिग्रीत धरली जाणारी ३२ क्रेडिट, म्हणजे एक वर्ष वाचलं. आपल्याकडे डिप्लोमावाले डायरेक्ट सेकंड इयरला जातात, तसंच की!

आता पूर्वेकडच्या एका खाजगी कॉलेजात ॲडमिशन मिळालीय, तिथे एपीचं क्रेडिट शून्य. दुसरीकडे आपल्या राज्यातलं, इलिनॉयचं, सरकारी विद्यापीठ. १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचंय. मला सरकारीच बरं वाटतं. ती म्हणते, "बाबा, तुमचं गणितच चुकतंय." कोणाचं चुकतंय?

चिनूची आई, ऑरोरा:

दादा, तुमचंच. इलिनॉयच्या कायद्याने २०१६-१७ पासून सरकारी विद्यापीठांना ५ पैकी ३ च्या स्कोअरलाही क्रेडिट द्यावं लागतं, हे खरं. पण ते मेजरच्या (मुख्य विषयाच्या) खात्यात टाकायचं, जेन-एडच्या (सगळ्यांना सक्तीच्या सामान्य विषयांच्या) की नुसत्या इलेक्टिव्हच्या (आपल्या आवडीने घ्यायच्या विषयांच्या), हे विद्यापीठच ठरवतं. इंजिनिअरिंगवाल्यांना इलेक्टिव्हला जागा असते तरी किती? आमच्या चिनूकडे पहिल्या दिवशी २८ क्रेडिट होती, त्यातली १२ कुठेच बसली नाहीत. ट्रान्स्क्रिप्टवर शोभेला आहेत. फायदा झाला नाही असं नाही हं: क्रेडिट जास्त म्हणून कोर्सच्या नोंदणीला लवकर नंबर लागला, आणि इंग्लिशचा एक विषय टळला. पण मेजरचे विषय एकामागून एक घ्यावे लागतात, त्यामुळे चार वर्षं लागायची ती लागलीच.

सोनूचं मेजर कुठलं? ते लिहिलंच नाहीत. कॉलेजचा एपी तक्ता बाजूला ठेवा, डिपार्टमेंटचा बघा. मेडिकलला जायचं असेल तर अजून जपून. बऱ्याच मेडिकल कॉलेजांना बायो-केमिस्ट्रीचं एपी क्रेडिट चालत नाही.

काका, शॉमबर्ग:

क्रेडिट न देणाऱ्यांना लगेच कंजूष म्हणू नका. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही, स्वतःच्या प्लेसमेंट परीक्षा घेते. एमआयटीत कॅल्क्युलस बीसी या एपीत ५ असले तर पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट मिळतं, केमिस्ट्रीच्या एपीला मात्र काही नाही. डार्टमथच्या मानसशास्त्र विभागाने एपीत ५ मिळवलेल्या शंभराहून जास्त मुलांना आपल्या पहिल्या कोर्सच्या फायनलचा छोटा पेपर दिला, तर ९० टक्के नापास! २०१४ साली आलेल्या बॅचपासून त्यांनी क्रेडिट देणंच बंद केलं.

आणि डायरेक्ट सेकंड इयरचं म्हणाल तर तो मीच. एम-वन, एम-टू (पहिल्या वर्षाचं गणित) कशाशी खातात ते माहीत नव्हतं आणि समोर थेट एम-थ्री. वाचलेलं वर्ष केटीत परत दिलं. क्रेडिट मिळालं तरी कॅल्क्युलस टू सोडायचा की नाही, हे सोनूला जुन्या फायनलचा एखादा पेपर सोडवून ठरवू दे.

बाकी, यंदाच्या एपी मे महिन्यात, निकाल जुलैत. तोवर तुमचं डिपॉझिट भरून झालेलं असेल. बाजारात तुरी!

सोनूचे बाबा:

ताई, काका, आभार. मेजर मेकॅनिकल. काल जेवणानंतर सोनूने डिपार्टमेंटचा तक्ता उघडला आणि माझ्या एक्सेलमधल्या ओळी एकेक करून लाल केल्या. यूएस हिस्टरी जेन-एडला चालली, सायकॉलॉजी आणि एन्व्हायर्नमेंटल सायन्स नुसतीच इलेक्टिव्हला. ३२ ची १७ झाली, त्यातही यंदाच्या चार परीक्षांचा निकाल मी ५ धरला होता! वर्ष वाचत नाही, जमलंच तर एखादं सेमिस्टर.

म्हणजे आता प्रश्न सरळ फीचा उरला. खाजगीवाल्यांना स्कॉलरशिप वाढवून मागणारी ईमेल तिनेच लिहिलीय, मी फक्त टॅक्सचे कागद जोडले. उत्तर आलं की कळवतो.

ताई, पाडव्याला श्रीखंड घालून दिलेलं तुमचं पातेलं अजून आमच्याकडेच आहे. रविवारी शाळेत आणतो.