प्रथिनांच्या रचनेवर संशोधन : नागपूरहून वाट कशी धरावी?

प्रश्न (विद्यार्थिनी, नागपूर)
नमस्कार. मी नागपूर विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रथिनांची त्रिमितीय रचना शोधण्याच्या क्षेत्रात पीएच.डी. करून पुढे विद्यापीठातच संशोधन आणि अध्यापन करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र प्रथिनांच्या रचनेचा अंदाज देणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीच्या कर्त्यांना २०२४ चे नोबेल मिळाल्यापासून ‘रचना आता संगणकच सांगतो, मग तू काय शोधणार?’ असे घरचे विचारतात. या क्षेत्रात भवितव्य आहे का, आणि ‘नेट’ या पात्रता परीक्षेखेरीज कोणती तयारी करावी?

उत्तर (विद्यापीठातील प्राध्यापक, क्ष-किरण स्फटिकशास्त्र)
तुमच्या घरच्यांची शंका रास्त आहे, पण तिच्यामुळे विषय सोडू नका. अल्फाफोल्ड अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या घडीचा, म्हणजे त्रिमितीय आकाराचा, अंदाज देते आणि तो बहुधा चांगला असतो. परंतु प्रथिन काम करताना आपला आकार कसा बदलते किंवा एका उत्परिवर्तनाने त्याचे कार्य का बिघडते, हे प्रयोगानेच पक्के करावे लागते. शिवाय ती प्रणाली शिकली तीच मुळी १९७१ पासून प्रोटीन डेटा बँकेत प्रयोगकर्त्यांनी जमा केलेल्या रचनांवरून. पूर्वी प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून घेतलेल्या नोंदींत फेजची, म्हणजे लहरी कोणत्या टप्प्यावर आहेत याची, माहिती नसल्यामुळे आम्ही महिनोन्‌महिने अडून राहत असू. आता अंदाजित रचना हाताशी असली की ती गाठ पुष्कळदा लवकर सुटते.

जे सुटलेले नाही, ते म्हणजे प्रथिन हाती येणे. जनुक जिवाणूत घालावे, तर प्रथिन न विरघळता त्याच्या गुठळ्या होतात; विरघळले तर शुद्ध होत नाही; शुद्ध झाले तर स्फटिक धरत नाही. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनची पहिली क्ष-किरण छायाचित्रे १९३५ मध्ये घेतली आणि रचना १९६९ मध्ये उलगडली. आज एवढा काळ लागत नाही, तरी या कामाचा स्वभाव तोच आहे. म्हणून तुमच्या प्रकल्पात एखादे प्रथिन स्वतः शुद्ध करून पाहा. ते काम रुचले, तरच पुढे जा, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर (पीएच.डी. विद्यार्थी, पुणे)
मीही नागपूरचाच. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) मिळाल्यास २०२३ पासूनच्या दरानुसार दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ छात्रवृत्तीला) ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. त्यामुळे घरावर भार पडत नाही. पायथॉन ही संगणकीय भाषा आणि थोडे रेखीय बीजगणित आताच शिकून घ्या. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) प्रथिन स्फटिकशास्त्राची बीमलाइन, म्हणजे प्रयोगाची जागा, आहे, त्यामुळे नोंदी घेण्यासाठी प्रत्येक वेळी परदेश गाठावा लागत नाही.

प्रश्नकर्ती
आपणा दोघांचेही मनापासून आभार. पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधन) करून नागपूरला परतले, तर येथील विद्यापीठात हे संशोधन चालवता येईल का?

उत्तर (प्राध्यापक)
येईल, मात्र सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन करावे लागते आणि अनुदान स्वतःच मिळवावे लागते. मोठी उपकरणे विभागात नसली तरी चालते. प्रथिन नागपुरात तयार करून नोंदी अन्यत्र घेता येतात. भारतीय शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी कोलॅजेन या त्वचा-हाडांतील प्रथिनाच्या तिहेरी सर्पिल रचनेचे काम १९५० च्या दशकात मद्रास विद्यापीठातच केले. पोस्टडॉकसाठी प्रयोगशाळा निवडताना तेथील प्रथिन पुढे स्वतंत्रपणे हाताळू देतील का, हे आधीच विचारून घ्या. परतल्यावर पहिला प्रकल्प त्यावरच उभा राहतो.