रमजान की रमादान? रोजा, सहरी, इफ्तार मराठीत कसं लिहावं?

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीतल्या मराठी मुलांसाठी सुटीत वर्ग चालतो. त्यात वेगवेगळ्या धर्मांच्या सणांची ओळख करून देणारी टिपणं मी लिहिते. पर्युषण झालं, नाताळ झाला, आता रमजान घेतला आहे. मुलं शाळेत हिंदी बोलतात, घरी मराठी आणि मोबाइलवर वाचतात इंग्रजी. त्यामुळे कुणी रमजान म्हणतं, कुणी रमादान. मराठीत कोणता शब्द धरावा?

दुसरं, रोजाला सरळ ‘उपवास’ म्हटलं तर चालेल का? मी ‘सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उपवास’ असं लिहिलंय. आणि इफ्तारसाठी ‘पारणं’ हा चांगला मराठी शब्द आहे असं वर्गाला येणाऱ्या एका काकांचं मत पडलं. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर (रामबाग, इंदूर)

ताई, ‘रमजान’ लिहा आणि निःशंकपणे लिहा.

या नावातलं तिसरं अरबी अक्षर आहे द्वाद. अरब लोक त्याचा उच्चार जड ‘द’सारखा करतात. इराणात त्याचा ‘ज़’ झाला. मराठीत अरबी शब्द बहुतेक फारसीच्या वाटेनं आले, म्हणून आपल्याकडे त्याचा ‘ज’ झाला, आणि हे एकट्या रमजानचं झालेलं नाही. अर्ज, कर्ज, गरज, मर्जी, हजर, जरूर, जप्त, जामीन, काजी, एवढंच काय, ‘जिल्हा’सुद्धा, या सगळ्यांत मुळात तेच अक्षर आहे. ‘फाजील लाड’मधला फाजीलही त्यातलाच. कचेरीतून आपण रजा घेतो ती ‘रजा’ आणि माणसाच्या नावातलं ‘रझा’ हा मूळचा एकच शब्द. ‘रमादान’ हा उच्चार अरबांसाठी बरोबरच आहे, पण आपल्याकडे तो अलीकडे आखातातून आणि इंग्रजी मजकुरातून आला. मराठीला तो उसना घ्यायची गरज नाही.

आणि रमजान मराठीत काल-परवा आलेला नाही. मी मोडी कागद वाचतो म्हणून हे मुद्दाम सांगतो. शिवकालातल्या आणि पेशवाईतल्या पत्रांवर तारीख पाहा: ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे आकडा आणि पुढे महिना. मोहरम, सफर, रबिलावल, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दफ्तरांतही हाच रिवाज. गंमत अशी की त्याच कागदावरचं सुहूर सन मृगापासून सुरू होतं, म्हणजे वर्ष शेतकऱ्याचं, सूर्यावरचं. आणि महिना-तारीख मात्र चंद्राची. हे कागद लिहिणारे बहुतेक कारकून हिंदू होते. त्यांच्या बोरूतून ‘रमजान’ इतक्या वेळा उतरला आहे की तो शब्द मराठीचाच म्हणायचा.

मुलांना महिन्याचं गणितही सांगा, कारण ‘दर वर्षी रमजान सरकतो का?’ हा प्रश्न येणारच. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. आपल्या पंचांगात चंद्राचे महिने सूर्याशी जुळवायला अधिक महिना धरतात, तसा तिथे धरत नाहीत. कुराणातच त्याला मनाई आहे. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. भारतात २०२४ साली तो १२ मार्चला लागला, २०२५ साली २ मार्चला. सुमारे ३३ वर्षांत तो सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान लागेल, जानेवारीत आणि डिसेंबरात. महिना २९ चा की ३० चा हे चांद दिसण्यावर ठरतं. आपल्या सैफी नगरातले दाऊदी बोहरा मात्र आखून दिलेलं कोष्टक पाळतात. त्यांचा रमजान कायम ३० दिवसांचा असतो आणि बहुधा एक-दोन दिवस आधी लागतो. वर्गात कुणी बोहरा मैत्रिणीचं उदाहरण दिलं तर गोंधळ होऊ नये.

उत्तर (खजराना, इंदूर)

ताई, माझं माहेर सोलापूरचं, सासर इथलं, म्हणून दोन्हीकडची भाषा सांगते. माहेरी आम्ही ‘रोजा धरला’ म्हणायचो, इथे सगळे ‘रोजा ठेवला’ म्हणतात, ते ‘रखना’वरून. मराठीत लिहिताना मला ‘धरणे’ जास्त आपलं वाटतं. उपवासही आपण धरतोच की.

पण रोजाला नुसतं ‘उपवास’ म्हणू नका. मराठी घरात उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळी, दाण्याची आमटी डोळ्यांपुढे येते. रोजात फराळ नाही, चहा नाही, पाण्याचा घोटही नाही, औषधाची गोळी नाही, विडी-सिगारेट नाही, पतिपत्नीचा संबंधही नाही. समजावून सांगताना ‘निर्जळी उपवास’ म्हणा आणि पुढे ‘रोजा’च लिहा. शिवाय रोजाला नियत लागते, म्हणजे मनाशी ठरवणं. दिवसभर काही खायला मिळालं नाही म्हणून त्याचा रोजा होत नाही. आणि खोटं बोलणं, चहाडी, शिवीगाळ चालू ठेवून नुसतं पोट रिकामं ठेवलं तर त्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, असं पैगंबरांनी सांगितलं आहे. मुलांना हे आधी सांगा, खाण्यापिण्याचं नंतर.

तुमचं ‘सूर्योदयापासून’ मात्र बदलायलाच हवं. ही चूक छापील मजकुरातही सारखी दिसते. रोजा सुरू होतो सूर्य उगवण्याच्या बराच आधी. इंदुरात साधारण सव्वा तास आधी धरा. आमच्या फ्रिजवर मशिदीतून मिळालेलं वेळापत्रक महिनाभर चिकटवलेलं असतं, त्यात दोनच रकाने मोठ्या अक्षरांत: खत्म सहरी आणि इफ्तार. रोज मिनिटं बदलतात. पहाटे माझं अर्ध लक्ष तव्यावर आणि अर्ध घड्याळावर असतं. पोळ्या, रात्रीची भाजी, दही, सासऱ्यांना दुधात भिजवलेली फेणी. शेवटची पाच मिनिटं राहिली की घरातला प्रत्येक जण पाण्याची बाटली शोधत असतो. वेळ झाली की घास हातात असला तरी खाली ठेवायचा.

उत्तर (रामबाग, इंदूर)

खजरान्याच्या ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. या वेळेला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच विचार केला आहे. कुराणातली खूण अशी: पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खा, प्या. म्हणजे क्षितिजावरची पहिली उजेडाची रेघ. त्यातही दोन पहाटा सांगतात. आधी उभा उजेड दिसून विरतो, ती खोटी पहाट, सुबह काजिब. मग क्षितिजालगत आडवा पसरतो तो खरा, सुबह सादिक. रोजा त्या दुसरीपासून. ‘तांबडं फुटल्यावर’ म्हणाल तर उशीर झाला, ‘फटफटल्यावर’ तर फारच. ‘झुंजूमुंजू’ जवळचा आहे, पण त्यातही थोडंफार दिसू लागलेलं असतं. मी लिहीन: ‘पहाटेची पहिली पांढरी रेघ उमटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत.’ लांब आहे, पण चुकीचं नाही, आणि मुलांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं.

सहरी की सेहरी? ‘सहर’ म्हणजे पहाटेपूर्वीची वेळ, त्यावरून सहरी. ‘सेहरी’ हा बोलण्यातला उच्चार. मी सहरी लिहितो, पण सेहरीला चूक म्हणणार नाही.

पारण्याबद्दल: काकांचा हेतू चांगला आहे, पण एकादशीचं पारणं द्वादशीला होतं, दुसऱ्या दिवशी. इफ्तार त्याच संध्याकाळी, सूर्य मावळल्याबरोबर, आणि त्यात उशीर न करणं हेच चांगलं मानतात. आपल्याकडचं जवळचं उदाहरण हवंच असेल तर श्रावणी सोमवार घ्या, तो संध्याकाळी सोडतात. म्हणूनच ‘रोजा सोडणे’ हा प्रयोग मला फार चपखल वाटतो. हिंदीत ‘खोलना’ आहे म्हणून इंदुरी मराठीत ‘रोजा खोलला’ ऐकू येतं. तेवढं टाळावं. आणि ‘रोजा मोडला’ तर कधीच लिहू नका, तो वेगळा प्रकार आहे.

पुन्हा खजराना

हो, सोडणे आणि मोडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे! वेळ झाल्यावर खजूर तोंडात टाकला, रोजा सोडला. दिवसा जाणूनबुजून खाल्लं तर मोडला. मग आमच्या हनफी (सुन्नींमधली एक परंपरा) मताप्रमाणे त्या रोजाची भरपाई तर हवीच, वर कफ्फारा, म्हणजे लागोपाठ ६० रोजे, ते झेपत नसेल तर ६० गरिबांना जेवण. पण विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही. आठवलं की थांबायचं आणि रोजा पुढे चालू. माझ्या धाकट्यानं पहिल्या रोजाच्या दिवशी दुपारी सवयीनं चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला आणि आठवल्यावर रडायला लागला. त्याला आजीनं जवळ घेऊन हेच समजावलं. मुलाच्या पहिल्या रोजाच्या कौतुकाला आमच्याकडे रोजाकुशाई म्हणतात. हार घालतात, नातेवाईक येतात. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नसतो, हौसेनं धरतात. आजारी, प्रवासी, गरोदर, पाळीतल्या बायका यांनाही सूट आहे. सुटलेले रोजे नंतर धरायचे, त्याला कजा म्हणतात. कायमचं झेपणारच नाही अशा म्हाताऱ्या किंवा आजारी माणसानं प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचं, तो फिदिया.

आणि इफ्तार म्हणजे सोडण्याची क्रिया, इफ्तारी म्हणजे त्या वेळचं खाणं. ‘इफ्तारी पाठवली’ म्हणतात, ‘इफ्तार पाठवला’ नाही.

वाचक, वडोदरा

मध्येच बोलतो. आमच्याकडे गुजरातीत ‘रोजो’ पुल्लिंगी, अनेकवचन ‘रोजा’. म्हणून इथले मराठी लोक ‘तीस रोजा’ लिहून मोकळे होतात. मराठीत ‘तीस रोजे’ हवं ना? आणि जकातीचं काय करायचं? मुलांना जकात म्हटलं की जकात नाकाच आठवेल.

उत्तर (रामबाग, इंदूर)

‘तीस रोजे’च. मुळात रोजा हा फारसी शब्द, ‘रोज’ म्हणजे दिवस, त्यावरून. रोजनिशी, रोजंदारी, रोजमेळ यांच्याच घरातला. संस्कृत ‘रोचिस्’ म्हणजे प्रकाश, तोही त्याचा लांबचा भाऊ. ‘नमाज’ आणि ‘नमस्’ यांचं नातंही तसंच. अरबीत मात्र रोजाला सौम म्हणतात आणि नमाजाला सलात. खुलताबादेचं जुनं नाव रोजा होतं तो शब्द निराळा: तो ‘रौजा’, थडग्याची जागा, आणि त्यात पुन्हा आपला द्वाद आहे.

जकातीबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. मूळ शब्दात शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा. किती संपत्ती असली की द्यावी लागते याची मर्यादाही ठरलेली: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढा ऐवज. हा शब्द राज्यकारभारात आला आणि मालावरचा कर झाला. मराठीत तोच अर्थ रुजला. नवं लेखन काढू नये. ‘जकात, म्हणजे संपत्तीतून गरिबांचा ठरलेला हिस्सा’ असं एकदा लिहिलं की पुरे. पुष्कळ जण ती रमजानातच देतात.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर)

खूप खूप आभार सगळ्यांचे. आता शेवटचं: इस्लाममध्ये काय मानतात हे चार ओळींत कसं सांगू? ‘मुसलमानांचा देव’ असं लिहायला हात धजत नाही.

उत्तर (रामबाग, इंदूर)

‘इमान’पासून सुरू करा. इमानेइतबारे, बेइमान, इमानी हे शब्द मुलांच्या तोंडी आहेत. तिथे इमान म्हणजे निष्ठा, धर्मात इमान म्हणजे मनापासून मानणं. काय मानायचं? एकच अल्लाह, ज्याला भागीदार नाही, रूप नाही. त्याचे फरिश्ते, म्हणजे देवदूत. त्यानं पाठवलेले ग्रंथ: तौरात, जबूर, इंजील आणि शेवटचं कुराण. त्याचे पैगंबर: इब्राहीम, मूसा, ईसा हेही त्यात, आणि शेवटचे मुहंमद. मग निवाड्याचा दिवस, कयामत, आणि तकदीर. पैगंबर म्हणजे पैगाम, निरोप, आणणारा. हे मुलांना नीट समजलं पाहिजे, कारण मुहंमद पैगंबरांची कुणी पूजा करत नाही. आचरणाचे खांब पाच: कलमा, नमाज, जकात, रोजा, हज. रोजे हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, मदिनेत असताना बंधनकारक झाले. महिना रमजानचाच का? कुराण याच महिन्यात उतरायला सुरुवात झाली म्हणून. रोज रात्री तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या खास रात्रीच्या नमाजात ते महिनाभरात सबंध म्हणून दाखवतात. शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींपैकी एक शबे कद्र, हजार महिन्यांहून श्रेष्ठ. आपल्याकडे ती बहुधा सत्ताविसावी धरतात.

खजराना

काका, एकच विनंती. ‘कुराण’ मराठीत रुळलाय हे मान्य, पण मुलांना एकदा तरी ‘कुरआन’ असा उच्चार ऐकवा. ‘पुराण’शी यमक जुळल्यानं तो तसलाच कथांचा ग्रंथ असावा असं पुष्कळांना वाटतं. शब्दाचा अर्थ आहे वाचन, पठण.

रामबाग

पटलं. पहिल्यांदा ‘कुरआन’ आणि पुढे कंसात मराठीतलं रूप. माझ्याही लेखनात आजपासून तेच करतो.

खजराना

आणि ताई, ‘रमजान ईद’ हे नाव कॅलेंडरवर आहे, ते राहू द्या, पण ईद रमजानात येत नाही. रमजान संपल्यावर सव्वाल (जुन्या कागदांतला ‘सवाल’) या पुढच्या महिन्याची पहिली तारीख ती. नमाजाला जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावानं फित्रा (गरिबांसाठीचं दान) काढायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी गोड होतं. आपल्या शहर काजींना बग्गीतून सदर बाजारच्या ईदगाहवर नेण्याचा मान एक हिंदू कुटुंब सांभाळत आलं आहे, तेही टिपणात घ्या, मुलांना आपल्या गावाचं म्हणून आवडेल. शुभेच्छा देताना महिनाभर ‘रमजान मुबारक’ म्हणायचं. ‘ईद मुबारक’ चांद दिसल्यावरच.