अनुभव धागा: घरातली म्हातारी माणसं आपलं आपण कसं करतात?

वऱ्हाडची लेक
काल दारव्ह्याच्या स्टँडवर एक आजी एसटीत चढत होत्या. कंडक्टरनं हात पुढं केला तर म्हणाल्या, "राहू दे बाप्पा, चढतो मी." आमची आजीच आठवली. गुडघे गेले तरी सडा-सारवण तिचंच. काकांनी कामाला बाई लावली तर आजी रुसली, धड जेवेना. मग बाबांनी खराट्याला लांब दांडा बसवला अन् सड्यासाठी लहान बादली आणली. वाकणं गेलं, काम राहिलं. शेवटपर्यंत अंगण तिच्याच हातात होतं. तुमच्या घरी काय केलं? लहानसं असलं तरी लिहा.

सपरीवरून
न्हाणी!! सगळ्यात आधी न्हाणी बघा. मामाजी ओल्या फरशीवर घसरले, खुबा मोडला. आता नळाचा लोखंडी पाईप भिंतीत पक्का बसवला आहे. मिस्त्रीनं आधी खांद्याच्या उंचीला लावला होता, त्याला धरून उठताच येईना. कंबरेच्या जवळपास हवा. मामाजींनाच स्टुलावर बसवून, हात कुठं जातो ते पाहून खूण केली. आंघोळ आता त्यांची ते करतात.

मूर्तिजापूरकर
आबाजी ८१ चे. २०२२ पासून ७५ च्या वर एसटीला तिकीट नाही, तेव्हापासून दर बाजाराला स्वतः जातात. बीपीच्या गोळ्याही तेच आणतात.

पऱ्हाटी
@मूर्तिजापूरकर अन् पिशवीभर वांगे? आमचे बुवा तेच आणतात 😄

मूर्तिजापूरकर
हाव न! घरच्या वावरात वांगे असून!

तुरीची दाळ
मायच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. जन्म गेला कापूस वेचण्यात. श्रावणबाळ पेन्शनचे पैसे काढायला गेलो की मशीनवाला पोट्टा तिच्याशी नाही, माझ्याशी बोलतो. माय समोर उभी असते. लय जीव जळतो. पैसे तिचे आहेत, तिला विचार ना.

सपरीवरून
@तुरीची दाळ बुबुळाचं मशीन कुठं आहे ते विचारून ठेवा. मायला म्हणा, पासबुक स्वतःच्या हातात धरायचं.

आशाताई
घाईत लिहितो. झोपेतून एकदम उठू देऊ नका, बीपी उतरते अन् गरगरते. बाजेच्या काठावर मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. रोज खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करवा, जमेल तेवढी, बाजूला कोणी उभं राहून. मांडीत ताकद राहिली तर संडासला कोणाची वाट पाहावी लागत नाही. ६५ च्या वर असतील तर राज्य सरकारच्या वयोश्री योजनेचा फॉर्म भरा, काठी, चष्मा, कमोड खुर्चीसाठी ३००० एकदाच खात्यात येतात. कुकरची शिट्टी झाली, जातो.

कास्तकार
बैल विकले त्या दिवसापासून बाबा सपरीत बसले ते बसलेच. ट्रॅक्टरनं काम लवकर होते, पण ट्रॅक्टर सकाळी कोणाला उठवत नाही. आधी पहाटे चारा टाकायला जायचे, गोठा झाडायचे, शेण उचलायचे. आता चहा पण हातात द्या म्हणतात. पायात काही दुखणं नाही, डॉक्टरनं पाहिलं.

पऱ्हाटी
दादा, एखादी शेळी घेऊन द्या त्यांना.

वऱ्हाडची लेक
हो, खरंच द्या. पण बाबांनाच निवडू द्या, त्यांना घेऊन बाजारात जा.

कास्तकार
हे डोक्यात आलं नव्हतं. उस्मानाबादी घेऊ का?

मूर्तिजापूरकर
बेरारी पाहा राजेहो, आपल्या इकडचीच आहे. अन् गाभण नका घेऊ पहिल्यांदा.