निरोगी पेशीत ‘विकृती’ कशी?

सातपुडा:
नंदुरबारच्या आरोग्यसेविकांसाठी सिकलसेल या रक्ताच्या आजारावरील पुस्तिकेचे भाषांतर करत आहे. 7 ते 8 मायक्रॉन रुंदीची निरोगी तांबडी पेशी प्लीहेतल्या जेमतेम 1 मायक्रॉनच्या फटींतून आकार बदलून निघून जाते, असा त्यात उल्लेख आहे. हा बदल मोजणाऱ्या राशीला पदार्थविज्ञानात ‘विकृती’ म्हणतात, म्हणून मी तोच शब्द योजला. संपादकांना तो खटकला. पर्याय सुचवावा.

मास्तर:
पर्यायाची गरज नाही. ‘विकृती’चा मूळ अर्थ बदल एवढाच आहे, सांख्यदर्शनात महत्तत्त्वालाही प्रकृतीची विकृती म्हटले आहे आणि तेथे रोगाचा संबंध नाही. प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) आणि विकृती हे शब्द जोडीने शिकवले जातात. त्यांतला एक बदलला, तर पुढे पाठ्यपुस्तक उघडणारा वाचक अडखळेल.

कोरा कागद:
मास्तर, आपला अर्थ मान्य आहे. परंतु ‘पेशीतील विकृती’ हे शब्द कानी पडताच घरची माणसे व्यंगाच्या शंकेने घाबरतील. ‘लवचिकता’ का नको? लवणे म्हणजे वाकणे, हे गावात कोणालाही समजते.

अंतर्वक्र:
पेशीपटलांच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणांच्या, यांत्रिकीवर काम करत असल्याने सांगतो, की ‘लवणे’ येथे शास्त्रीयदृष्ट्याही चपखल आहे. पटलाचे क्षेत्रफळ काही टक्क्यांहून अधिक ताणले की ते फाटते, मात्र त्याला वाकवायला फार थोडी ऊर्जा लागते. भौतिकशास्त्रज्ञ हेलफ्रिख यांनी 1973 साली मांडलेला सिद्धान्त या वाकण्याच्याच ऊर्जेचा आहे. शिवाय तांबड्या पेशीजवळ तेवढ्याच आकारमानाच्या गोलापेक्षा सुमारे 40 टक्के जास्त पृष्ठभाग असतो, त्यामुळे पटल न ताणताही तिला आकार बदलता येतो. तथापि लवचिकता हा गुण झाला आणि विकृती ही मोजायची राशी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा शब्द बसत नाही. फटीतून बाहेर पडल्यावर पेशी पूर्वीचा आकार धारण करते, ते पटलाखालच्या स्पेक्ट्रिन या प्रथिनाच्या जाळ्यामुळे. त्या गुणाला ‘स्थितिस्थापकता’च म्हणावे लागेल.

कोरा कागद:
मग ‘पटल’ तरी कशाला? भाकरीला सुटतो तसा ‘पापुद्रा’ म्हणावे.

अंतर्वक्र:
पापुद्रा कोरडा असतो. पेशीपटल द्रवरूप असते, त्यातले मेदरेणू आपापल्या थरात सतत सरकत असतात. मला ‘पापुद्रा’ मान्य नाही. पटलाच्या दोन थरांसाठी ‘द्विस्तर’ऐवजी ‘दुपदरी’ मात्र आनंदाने स्वीकारीन.

मास्तर:
‘दुपदरी’ने रस्ता डोळ्यांसमोर येतो.

कोरा कागद:
रस्त्याआधी गोफ दुपदरी होता, मास्तर. पदर हा शब्द रस्ते बांधणाऱ्यांच्या मालकीचा नाही.

सातपुडा:
पटलाचे नाव ठरेल तेव्हा ठरो. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन कमी झाल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडून लांब तंतू होतात आणि पेशी आतूनच ताठरते, म्हणजे तेथे आजारच आकार बदलू देत नाही. अशा वाक्यात आकारबदलाला ‘विकृती’ म्हटले, तर ‘आजारामुळे विकृती कमी होते’ असे लिहावे लागते. ते मी कसे छापू?

मास्तर:
तळटीप द्यावी.

कोरा कागद:
आरोग्यसेविका पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवते. तळटीप ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. ‘आकारबदल’ लिहावे.

मास्तर:
‘आकारबदल’ला एकक कोणते?

अंतर्वक्र:
विकृतीलाही एकक नसते, मास्तर. ते केवळ गुणोत्तर आहे.