मदत हवी आहे: सेकंडहँड बी अँड डब्ल्यू नॉटिलस ८०२ ठाण्यातल्या हॉलमध्ये घ्यावेत का?

घोडबंदरी:

नमस्कार मंडळी,

नेरूळला एका गृहस्थांकडे बी अँड डब्ल्यूचे नॉटिलस ८०२ स्पीकर विकायला आहेत. सव्वातीन लाख सांगतायत, बोलण्यावरून वाटलं की थोडे खाली येतील. पहिल्या मालकाकडचीच जोडी आहे, चेरी व्हिनियर, खोकी मात्र नाहीत. रविवारी ऐकून आलो आणि तेव्हापासून ऑफिसात लक्ष नाही, म्हणून इथे विचारतोय.

माझ्याकडे सध्या मॉनिटर ऑडिओचे सिल्व्हर ६ स्पीकर आहेत, तेही सेकंडहँडच घेतलेले. अँप (अँप्लिफायर) मॅरांट्झ पीएम ८००६, सोर्स विम प्रो स्ट्रीमर आणि एक जुना सीडी प्लेअर. ऐकणं ऐंशी टक्के शास्त्रीय, उरलेलं नाट्यसंगीत आणि रात्री उशिरा थोडं जॅझ.

हॉल १७ बाय ११ फूट, उंची साडेनऊ. टीव्ही युनिट लांब भिंतीला आहे आणि स्पीकर त्याच्या दोन्ही बाजूंना. सोफा समोरच्या लांब भिंतीला टेकलेला. एका टोकाला गॅलरीचा सरकता दरवाजा, दुसऱ्या टोकाला पॅसेज, त्यामुळे मांडणी फिरवायची सोय नाही. घरची अट अशी की टीव्ही युनिट हलणार नाही, सोफ्याचं बघू.

तक्रार एकच. डग्गा घुमतो. वाजवणारा कोणीही असो, खर्जातला एक ठरावीक पट्टा अंगावर येतो आणि त्याच्या आजूबाजूचं काहीच नीट कळत नाही. त्या गदारोळात तानपुरा पार मागे जातो. नेरूळला तेच रेकॉर्डिंग लावलं तर जवारी तारेगणिक वेगळी कळत होती, भीमसेनजींनी समेआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. त्यांचा हॉल मोठा आहे हे खरं, स्पीकरच्या मागे चार-साडेचार फूट मोकळी जागा.

खटकलेल्या गोष्टी: डाव्या स्पीकरचा ट्वीटर (तार आवाजाचा छोटा ड्रायव्हर) मधे कधीतरी बदललाय ("नातवाने बोट घातलं होतं, पण माल ओरिजिनलच टाकलाय"). मागच्या टर्मिनलवर हिरवट थर आहे. आणि ही सिरीज १९९८ची, म्हणजे जोडी वीस वर्षांच्या पुढची नक्की.

तर घ्यावेत का? घेतले तर ८००६ ओढेल का? बजेट ताणून चार लाख, त्यात सगळं बसायला हवं.

---

टेंभीनाका_एक्सप्रेस:

घ्या हो! इतका विचार करत बसलात तर दुसरा कोणीतरी टेम्पो घेऊन उभा राहील.

---

सोल्डरमास्तर:

टेंभीनाका, पैसे तुमचे नाहीत म्हणून.

घोडबंदरीराव, आधी स्पीकर म्हणून बोलतो, तुमच्या हॉलचं इतर कोणी सांगेलच.

वय हा मुद्दा तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. जुन्या स्पीकरमध्ये सगळ्यात आधी जाते ती फोमची सराउंड, म्हणजे कोनभोवतीची लवचिक कड. आपल्याकडच्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो, बोट लावलं की तुकडे हातात. ८०२च्या दोन्ही आठ इंची वूफरना (खर्जाचे ड्रायव्हर) रबराची सराउंड आहे, ती टिकते. मिडरेंजला (मधल्या सुरांचा ड्रायव्हर) नेहमीसारखी फुगीर सराउंडच नाही, केव्हलारच्या कोनच्या कडेला फोमचं बारीक कडं असतं. टॉर्च मारून ते कडं सलग आहे का, कुठे सुटलंय का ते बघा. वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबून हळूच आत ढकला. खरखर लागली तर व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासतेय.

टर्मिनलवरचा हिरवा थर नेरूळमध्ये नवल नाही, खाडीची हवा आहे. काँटॅक्ट क्लीनरने निघतो. पण एक टर्मिनल हिरवं असेल तर आतले लग्जही (तारा जोडायची टोकं) बघावे लागतात. या मॉडेलमध्ये क्रॉसओव्हर (खर्ज, मधले आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) खालच्या बेसमध्ये असतो, त्यामुळे ओल्या फडक्याने फरशी पुसणाऱ्या घरात ती जागा जरा जास्तच संशयाने बघा.

खरी अडचण तो ट्वीटर. ओरिजिनल असेलही. पण एका बाजूला वीस वर्षं वाजलेला आणि दुसऱ्या बाजूला नवा, ही जोडी जुळलेली राहत नाही. तपासायचं असं:

मल्टीमीटरने दोन्ही ट्वीटरचा डीसी रेझिस्टन्स घ्या. दोन आकड्यांत फार तफावत नको. हा टप्पा पास झाला म्हणजे ट्वीटर चांगला असं नाही, फक्त कॉइल शाबूत आहे एवढंच कळतं. मग एकट्या गायकाचं मोनो रेकॉर्डिंग लावा. आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे उभा राहिला पाहिजे आणि "स", "श" उच्चारताना एका बाजूला सरकता कामा नये. सरकला तर ट्वीटरची लेव्हल जुळत नाही. शेवटी मोजमापाचा माइक मिळाला तर प्रत्येक स्पीकरसमोर त्याच अंतरावर, त्याच उंचीवर धरून स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकणारा सूर) घ्या आणि चार हजार हर्ट्झच्या वरचे दोन आलेख एकमेकांवर टाका. मिडरेंजकडून ट्वीटरकडे जाणारा क्रॉसओव्हर तिथेच आहे. एक डीबीच्या (डेसिबल) आत असतील तर मी डोळे मिटून पैसे देईन.

---

मंद्रसप्तक:

मास्तरांनी स्पीकर तपासला, मी हॉल तपासते. खरं तर तुमचा प्रश्न तिथेच आहे.

आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सगळ्यात खालची उभी लाट बसते तिची वारंवारता म्हणजे वेग भागिले अंतराची दुप्पट. तुमचे ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, उत्तर आलं ५१ हर्ट्झ. उंची २.९ मीटर, तिचं उत्तर ५९. दोन्ही शेजारी शेजारी. तुम्ही म्हणता तो "ठरावीक पट्टा" हाच.

आता वाईट भाग. अशा लाटेचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो आणि खोलीच्या मधोमध शून्याजवळ. तुमचे स्पीकर एका भिंतीला आणि तुमचे कान समोरच्या भिंतीला. म्हणजे ५१ हर्ट्झ जिथून सर्वात जोरात उठतो तिथे तुम्ही तो उठवताय आणि जिथे सर्वात जोरात ऐकू येतो तिथे बसून ऐकताय. टीव्ही लांब भिंतीला आणि सोफा समोर टेकवलेला, हे ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक फ्लॅटचं चित्र आहे. बिल्डर पॉइंट तिथेच काढून देतो.

आता इथे ८०२ आणा. साठ किलोच्या आसपासचा एकेक स्पीकर, दोन आठ इंची वूफर, पोर्ट (खर्जासाठी ठेवलेलं हवेचं भोक) खालच्या तोंडाने जमिनीकडे. खर्ज तुमच्या सिल्व्हर ६पेक्षा जास्त आणि खोल. घुमणं कमी कसं होईल? नेरूळला छान वाजले कारण तिथे मागे साडेचार फूट होते. तुमच्याकडे तेवढे पुढे काढलेत तर सोफा आणि स्पीकरमध्ये राहतील पाच-सहा फूट. एवढ्या जवळून वूफर, मिडरेंज आणि ट्वीटर तीन वेगवेगळ्या जागांवरून ऐकू येतात, एका गळ्यातून आवाज येतोय असं वाटतच नाही. या आकाराच्या थ्री-वेला, म्हणजे तीन प्रकारचे ड्रायव्हर असलेल्या स्पीकरला, आठ-नऊ फूट द्यायला हवेत.

काहीही विकत घेण्याआधी सोफा भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढा, स्पीकरही जमतील तेवढे पुढे, आणि सिल्व्हर ६च्या पोर्टमध्ये फोमचे बोळे घाला. आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, यूएमआयके-१ हा मोजमापाचा माइक कोणाकडून तरी उसना मिळेल.

---

नेरूळनिवासी:

माइक माझ्याकडे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऐकायला जाणार असाल तर मीही येतो, मला ८०२ बघायचेच आहेत.

---

टेंभीनाका_एक्सप्रेस:

मंद्रताई, गणित मान्य. पण मोठा स्पीकर हळू आवाजातही भरदार वाजतो, त्याचं काय? लहान स्पीकरला जीव काढावा लागतो. आणि घर काय, उद्या बदलेल.

---

मंद्रसप्तक:

भरदारपणा मान्य आहे, तेच तर दुखणं आहे. आणि घोडबंदरला घर बदलून हॉल मोठा मिळतो हे मला कोणी दाखवून द्यावं, मीही येते राहायला.

---

सोल्डरमास्तर:

अँपचं राहिलं होतं.

पीएम ८००६ म्हणजे ८ ओहमला ७० वॉट, ४ ओहमला १००. ओहम निम्मे झाले तर आदर्श अँप दुप्पट देतो, ७०चे १४० व्हायला हवे होते. म्हणजे करंटला मर्यादा आहे. आता ८०२च्या माहितीपत्रकात ८ ओहम लिहिलेलं असलं तरी खर्जात तो ३ ओहमपर्यंत खाली उतरतो. शिवाय सेन्सिटिव्हिटीचा (ठरावीक व्होल्टला स्पीकर किती जोरात वाजतो त्याचा) नव्वदीचा आकडा वाचून लोक खूश होतात, पण तो २.८३ व्होल्टला मोजलेला असतो. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, ४ ओहमला तेच दोन वॉट. जिथे ओहम घसरतात तिथे स्पीकर गुपचूप दुप्पट-तिप्पट मागतो.

रात्री उशिरा, हळू आवाजात ८००६ आरामात चालवेल. पखवाजाचा धमाका घरातल्या बैठकीच्या आवाजात हवा असेल तर धाप लागेल. म्हणून चार लाखांत ८०२ आणि अँप दोन्ही बसवायचं गणित मला तरी जमत नाही. अँपही जुना बघणार असाल तर अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा तुकडा गळ्यात पडत नाही ना बघा. पॅसिव्ह स्पीकरला, म्हणजे ज्याच्या आत अँप नसतो त्याला, ही भानगड नाही, कुठूनही आलेला चालतो.

---

घोडबंदरी:

सगळ्यांचे आभार, विशेषतः नेरूळनिवासींचे. माइक घेऊन स्वतः घरी आले.

सोफा भिंतीला असताना आलेख काढला. मंद्रताई, ५० ते ५२च्या मधे सुळका, आजूबाजूच्या पातळीपेक्षा १२ डीबी वर. सोफा अडीच फूट पुढे, स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवर आणि पोर्टला बोळे, एवढ्यावर तोच सुळका ७ डीबीवर आला. मग नेरूळनिवासींनी विमच्या पॅरामेट्रिक इक्यूमध्ये (हवी ती वारंवारता कमी-जास्त करायची सोय) ५१ला ५ डीबी कट टाकला, क्यू (कट किती अरुंद ते) ४. डग्ग्याची मींड कुठून निघून कुठे जाते ते पहिल्यांदा सरळ ऐकू आलं. तानपुराही पुढे आला. सौ. म्हणाल्या, सोफ्याच्या मागून झाडू मारता येतो, राहू दे तिथेच.

नेरूळलाही जाऊन आलो. वूफर, मिडरेंज निर्मळ. ट्वीटरचा रेझिस्टन्स दोन्हीकडे जवळपास सारखा. मोनो गाण्यात मात्र "स" उजवीकडे ओढला जात होता, आणि स्वीपमध्ये डावा ट्वीटर आठ हजारच्या पुढे ३ डीबी खाली. बदललेला तोच. गृहस्थ सज्जन आहेत, आलेख बघून त्यांनाही वाईट वाटलं, पण दोन्ही ट्वीटर नवे घालण्याइतके पैसे कमी करायला तयार नाहीत. त्यांची बाजू चुकीची आहे असंही नाही, ज्याला मोठा हॉल आहे तो घेईल.

मी ८०२चा नाद सोडला. पण तो मिडरेंजचा मोकळेपणा डोक्यातून जात नाही. त्याच घराण्यातलं लहान काही?

---

सोल्डरमास्तर:

नॉटिलस ८०५ बघा. टू-वे (दोनच ड्रायव्हर), साडेसहा इंची केव्हलार कोन, ट्वीटर तसाच डोक्यावर. खर्ज तुमच्या हॉलला जितका पेलवतो तितकाच. ८००६लाही झेपेल. फक्त एक लक्षात ठेवा, इथे मिडरेंज आणि खर्ज एकाच कोनकडे आहेत, त्यामुळे ८०२च्या गळ्याची हुबेहूब अपेक्षा ठेवू नका. ट्वीटरची तपासणी तीच.

---

मंद्रसप्तक:

+१. आणि आधी सिल्व्हर ६ या नव्या मांडणीत महिनाभर ऐका. कदाचित जाहिरात बघायची गरजच पडणार नाही.

---

टेंभीनाका_एक्सप्रेस:

म्हणजे शेवटी कोणीच काही घेत नाहीये. त्या ८०२वाल्यांचा नंबर व्यनि करता का?

---

घोडबंदरी:

केला. पण ट्वीटरचं त्यांच्याशी बोलूनच घ्या.

ताई, ऐकतो महिनाभर. ८०५ मिळाले तर स्टँड कसले घ्यावेत? कोलशेतला एक फॅब्रिकेशनवाला ओळखीचा आहे, तो चौकोनी पाइपचे करून देतो म्हणतोय.

---

सोल्डरमास्तर:

करून घ्या. उंची अशी धरा की बसल्यावर ट्वीटर कानाच्या रेषेत येईल, साधारण दोन फूट. पाइप पोकळ ठेवू नका, वाळू भरा. वाळू धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवलेली हवी, आणि पाइपला आतूनही प्रायमर मारून घ्या, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात खालून गंजाचं पाणी टाइल्सवर येईल.